नरसीचा खण

आमच्या भागात ओटीचा खण कुणी शिवत नाही. तो फिरतो. लग्नात, बारशात, हळदी-कुंकवात मिळालेला खण बाई घरी आणते, बोटांत चोळून बघते, नाक मुरडते आणि पेटीत टाकते. पुढच्या लग्नाला तोच खण दुसरीच्या ओटीत पडतो. तीही नाक मुरडते. मी स्वतः दिलेला एक पोपटी खण, ज्याच्या कोपऱ्याला उदबत्तीनं पडलेलं भोक होतं, तो काही वर्षांनी फिरत फिरत माझ्याच ओटीत परत आला. देणारी वर म्हणाली, "खास तुमच्यासाठी हिंगोलीहून आणला." मी हसून घेतला. दोघींपैकी कुणालाच लाज वाटली नाही, कारण सगळ्या गोरेगावात हे असंच चालतं.

माहेरच्या खणाचं मात्र तसं नाही. आईनं दिलेला खण कुणाला द्यायचा नसतो. तो शिवायचा, अंगात घालायचा आणि पुढच्या खेपेला तोच घालून माहेरी जायचं. आई हात लावून बघते, "बसला की गं चांगला," म्हणते, मग ते देणं पुरं होतं. माझी आई, जनकाबाई, या बाबतीत फार कडक. मी लग्न होऊन गोरेगावला आले तेव्हापासून दर दिवाळीला ती मला एक खण देत आली आणि मी उंबऱ्यात पाय टाकला की आधी "मागचा कुठाय?" असं विचारत आली. पाणी नंतर.

माहेर माझं नरसी नामदेवचं. मंदिराच्या रस्त्यावर आईचं बत्ताशांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाज, बाजेवर चुरमुरे, फुटाणे आणि बत्ताशांच्या टोपल्या, वर गोणपाटाचं छप्पर. ते छप्पर सकाळी सावली द्यायचं. दुपार कलली की ऊन तिरपं होऊन सरळ आईच्या अंगावर यायचं आणि ती तशीच बसून राहायची, कारण टोपल्या सावलीत पाहिजेत, नाहीतर बत्तासे पाझरतात. आई म्हटलं की मला ती अशीच दिसते. डोक्यावर पदर, हातात माशा वारायचं फडकं आणि अंगात ते नेहमीचं मातकट रंगाचं ब्लाऊज. तिला उठून दिसणारे रंग आवडत नाहीत, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

आम्हाला कपडे वर्षातून एकदा, दिवाळीला. आई मला जमील टेलरकडे घेऊन जायची. जमील चाचा गळ्यात टेप अडकवून बसलेले. ते माप घ्यायला लागले की आई बाजूनं एकच वाक्य म्हणायची, "वाढत्या अंगाचं शिवा." म्हणजे फ्रॉक गुडघ्याखाली यायचा, बाह्या कोपराखाली यायच्या आणि खालच्या घेराला आतून भली मोठी दुमड घातलेली असायची. पुढच्या दिवाळीला मी वाढलेली असायचे, मग आई ती दुमड उसवून फ्रॉक लांब करायची. गंमत अशी की बाहेरचं कापड वर्षभर उन्हात आणि धुण्यात उडालेलं असायचं आणि दुमडीच्या आतला पट्टा मात्र कोरा करकरीत. फिकट गुलाबी फ्रॉक आणि खाली गर्द गुलाबी पट्टा. शाळेतल्या पोरी हसायच्या, "शकीच्या फ्रॉकला नवं गाव बसलं." मी रडत घरी आले की आई तो पट्टा बोटांत धरून म्हणायची, "हा बघ, फ्रॉक खरा असा व्हता."

माझा फ्रॉक शिवून झालेला असला तरी आई जमील चाचांच्या दुकानासमोरून लवकर हलायची नाही. मशीनचं चाक फिरताना बघत उभी राहायची. एकदा चाचा म्हणाले, "बसा की बाई मशीनवर. चालवून बघा." आई पदर तोंडाला लावून हसली आणि माझा हात ओढत निघाली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू शिक."

तिनं मला खरंच शिकायला घातलं. दहावीनंतर हिंगोलीच्या शिवणवर्गात. पहिल्याच आठवड्यात माझं बोट सुईखाली गेलं. मी अशी किंचाळले की शेजारच्या चक्कीवरचे लोक धावत आले. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. सगळं गाव चिडवायचं, "नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे, आन त्यांच्या गावच्या पोरीला सुईत दोरा ओवता येत न्हाई." दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी होते. आई तेवढी काही बोलली नाही. पण माझी आई काही विसरतही नाही.

या पावसाळ्यात ती अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवली. पुण्याहून माझा भाऊ आणि सुनितावहिनी आले आणि त्यांनी ठरवलं की आता आईला इथं एकटं ठेवायचं नाही. दिवाळी झाली की पुण्याला न्यायचं, नरसीच्या घराला कुलूप. ठरवलं ते बरोबरच होतं. मी तोंडानं "चांगलं झालं" म्हणाले आणि जीपमध्ये बसून सेनगावपर्यंत रडत आले. आई पुण्याला गेली म्हणजे माझं नरसी संपलं. कुलपाला कोण माहेर म्हणतं?

दसऱ्याला मी तिला भेटायला गेले. ती बाजेवर टेकून बसली होती. तिनं उशीखालून एक खण काढला. गर्द डाळिंबी जमीन आणि त्यावर बारीक पिवळी फुलं. हिंगोलीहून येणाऱ्या एका फेरीवाल्याला तिनं दारात बसवून, अख्खं गाठोडं उलटंपालटं करायला लावून, पदराचं टोक ओलं करून रंग जातो का ते घासून बघून तो घेतला होता. मोडलेल्या खुब्यासकट.

"हा शिंप्याकडं द्यायचा न्हाई," ती म्हणाली. "तू शिवायचा."

"मी? मला बटण लावता येत न्हाई, आई."

"माहीत हाय मला. म्हणूनच म्हणून राहिले. शीव, अंगात घालून ये. तुझ्या हातचं एकदा बघते, मंग जाते पुण्याला. त्याबिगर मी या बाजेवरून हलत न्हाई."

भाऊ दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. "तायडे, कसंबी शीव बाई. तिला तू वळखती." ओळखतेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ती म्हण आमच्या आईला बघूनच कुणीतरी केली असणार.

मोठा पेच झाला. शिवावं तर आई जाणार, न शिवावं तर ती कुलूप लावलं पाहिजे अशा घरात एकटी पडणार. माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू, की जरा टंगळमंगळ करावी. पण मग मला ती जमील चाचांच्या दुकानासमोर उभी दिसायला लागायची. तिनं आयुष्यात माझ्याकडे मागून घेतलेली ही एकच गोष्ट होती.

मी कमरुन्निसा खालांकडे गेले.

खाला म्हणजे गोरेगावच्या निम्म्या बायकांच्या अंगावरचं कापड. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि ओसरीवर पायाची मशीन. तोंडानं फटकळ, अंगानं काटकुळ्या, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून? मी मेले का?"

"तसं न्हाई खाला. आईनं मलाच शिवायला सांगितलं."

"मंग बस. आन रडायचं न्हाई. माझ्या मशीनला पाणी लागलं की गंज धरतो."

पहिले काही दिवस त्यांनी मला दोरा दिलाच नाही. जुन्या वर्तमानपत्रावर नुसत्या सुईनं सरळ टीप मारायची. माझ्या टिपा शेतातल्या पांदीसारख्या वळत गेल्या. "मशीन पळून राहिली खाला, ही खराब हाय." खाला पानाला चुना लावत म्हणाल्या, "मशीन न्हाई पळत, तुझा पाय पळतो. नाचता येईना, अंगण वाकडं." मग पाय सांभाळला तर हात सुटायचा. हात सांभाळला तर दोरा तुटायचा. सुई खाली येताना दिसली की माझं ते जुनं बोट आपोआप मागं जायचं. खालांनी ते बघितलं असावं, कारण एक दिवस त्यांनी स्वतःची तर्जनी माझ्यासमोर धरली. नखाच्या मधोमध जुनी खूण होती. "सगळ्यांचं जातं एकदा," त्या म्हणाल्या. "तू एवढी वर्षं त्याचंच कौतुक करत बसली."

कागदावरून मी कापडावर आले. तिथं माझी पेटी कामाला आली. फिरतीचे सगळे खण मी खालांच्या ओसरीवर आणून टाकले. कधी नव्हे ते त्या खणांचं भलं झालं. एकाची पिशवी झाली, दोघांच्या उशीच्या खोळी झाल्या. टीप मारता मारता कोणता खण कुणाकडून आला ते आठवायचं. हा मिराबाईच्या नातवाच्या बारशातला. हा ज्योतीच्या लग्नातला, तिथं जिलेबी संपली होती. जांभळा कुणाचा ते मला आठवेना आणि दिवसभर चुटपुट लागून राहिली. खालाही ओळखायच्या. "हा तर माझ्यासमोरून दोनदा गेला," असं म्हणून हसायच्या.

मग ब्लाऊज. मापाचं ब्लाऊज आण म्हणाल्या, तर मी पेटीच्या तळाचं, मला सगळ्यात नीट बसायचं ते घेऊन गेले. खालांनी ते हातात धरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे कुणाचं? सुनेचं?"

"माझंच हाय."

"व्हतं म्हण," खाला म्हणाल्या आणि टेप काढली.

पहिलं पूर्ण ब्लाऊज मी त्या भोकाच्या पोपटी खणाचं शिवलं. भोक मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या शिलाईत लपवलं, त्याचा मला कोण अभिमान. बाह्यांची अदलाबदल झाली तेवढी. डावी बाही उजवीकडे. घरी घालून दाखवलं तर आमचे हे, म्हणजे ओमप्रकाश, चहाचा कप खाली ठेवून माझ्याभोवती फिरून आले. "चांगलं हाय," म्हणाले. "हे घालून वावरात उभी राहा. रानडुकरं यायची न्हाईत." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण मनातून उकळ्या फुटत होत्या. वाकडं का होईना, अंगात गेलं होतं. मी, शकुंतला, नरसीची, हातानं शिवलेलं अंगात घालून स्वतःच्या घरात उभी होते. आई, बघ.

बाह्या उसवून परत लावल्या. मग आईच्या खणाची वेळ आली. खालांनी तो मोजला आणि ओठ मुडपले.

"कापड कमी हाय. तुझ्या मापाला दुमडून बसणार न्हाई, एकेक भाग सुटा कापावा लागंल. मला लेकीकडं हिंगोलीला जायचंय. आले की कापू. तवर हात लावू नको."

मी बरं म्हणाले. त्याच दुपारी भावाचा फोन आला. गाडी ठरली होती, उद्या सकाळी निघायचं. आई अजून "शकी येऊ दे" म्हणून अडून बसलेली. "झालं का गं तुझं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "झालंच."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी दार लावून घेतलं, फरशी पुसली आणि खण अंथरला. कागदाचे कापलेले नमुने माझ्याकडे होते. पाठ कापली. बाह्यांपुरतं कापड दुमडता आलं, त्या कापल्या. मग पुढचा कागद ठेवला, खडूनं रेघ मारली, कापला. तोच कागद उचलून शेजारी ठेवला, रेघ मारली, कापला. कात्री अशी सरसर चालली की मला वाटलं, आता खालांची मला गरज नाही. दोन्ही पुढचे भाग हातात घेऊन मी आरशासमोर गेले आणि छातीवर धरले.

गळ्याची वळणं दोन्ही एकाच बाजूला जात होती.

मला आधी कळेना. मी एक खाली ठेवून दुसरा धरला. मग दुसरा ठेवून पहिला धरला. मग कळलं. ब्लाऊजचा उजवा भाग आणि डावा भाग एकमेकांच्या उलट असतात. म्हणून दुसऱ्या वेळी कागद पालथा ठेवायचा असतो. दुमडलेल्या कापडावर दोन्ही भाग आपोआप बरोबर निघतात, म्हणून आजवर ही वेळ आलीच नव्हती. मी दोन्ही वेळा कागद सुलटाच ठेवला होता. माझ्या हातात दोन उजवे भाग होते आणि डावा नव्हता. खाली उरल्या होत्या त्या चिंध्या.

एक चिंधी मुठीत धरून मी बाजारात गेले. गोरेगावातली कापडाची सगळी दुकानं फिरले. डाळिंबी होतं, पिवळी फुलंही होती, पण हे नव्हतं. एक दुकानदार म्हणाला, "काकू, याच्यापेक्षा भारी दाखवतो." मला त्याच्या गल्ल्यावर डोकं आपटावंसं वाटलं. याच्यापेक्षा भारी काय असणार? ती बाई मोडक्या खुब्यानं दारात बसली होती. तिनं पदर ओला करून रंग बघितला होता.

संध्याकाळी खाला हिंगोलीच्या जीपमधून उतरल्या तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच बसले होते. कापलेले भाग मांडीवर. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा नीट केला, दोन्ही भाग उचलले. मला वाटलं आता ओरडतील. मी तयारच होते.

"हात लावू नको म्हणले व्हते," एवढंच बोलल्या. मग त्यांनी एक भाग पालथा केला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. गळा गळ्याला मिळाला, मुंढा मुंढ्याच्या जागी गेला.

"झालं बराबर."

"खाला, पण ही तर उलटी बाजू!" छापील कापड ते. सुलट्या बाजूला गर्द डाळिंबी आणि पिवळी फुलं, उलट्या बाजूला धुतल्यासारखा फिकट रंग आणि फुलांची नुसती सावली.

"पदर कोणत्या खांद्यावर घेती?"

"डाव्या."

"आन उलटा कोणता आला?"

"डावा."

"मंग? पदराखाली कोण बघून राहिलं?"

"आई बघंल," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. मशीनपासून लांब बसले होते, म्हणून बरं. "ती पदर सारून बघंल, खाला. ती हात लावल्याबिगर सोडत न्हाई. म्हणंल, एवढी वर्षं मागं लागले, आन शेवटी पोरीनं माझा खण वाया घालवला."

खालांनी मला रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बघंल तर बघू दे. तिनं तुझ्या हातचं मागितलं का माझ्या हातचं? माझ्या हातचं असतं तर चूक नसती झाली. तुझ्या हातचं असंच असतं. ऊठ, दिवस हाय तवर टीप मार."

मी मशीनवर बसले. खाला शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. हात मांडीवर, एकदाही त्यांनी कापडाला बोट लावलं नाही. नुसतं "हळू," "वळव," "पाय उचल." मी पुढचे टक्स घेतले, खांदे जोडले. गळ्याला पट्टी लावताना ती दोनदा उसवावी लागली. बाह्या आज आपापल्या जागी गेल्या. हूक लावायचं काम घरी नेलं आणि ओमप्रकाशांनी एक अक्षर न बोलता सुईत दोरा ओवून दिला. त्या रानडुकरांबद्दल मी त्यांना तिथंच माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते ब्लाऊज घालून, वरून साडीचा पदर पिनेनं घट्ट लावून नरसीला पोचले. घरासमोर गाडी उभी होती. आतली भांडी पोत्यात गेली होती, भिंतीवरच्या खिळ्यांना काही नव्हतं. सुनितावहिनी चूल झाकून ठेवत होती. आई बाजेवर, नवी साडी नेसून, पाहुणी आल्यासारखी बसली होती. मला बघून तिनं पाणी विचारलं नाही, मीही अपेक्षा केली नव्हती.

"इकडं ये. उजेडात उभी राह्य."

मी उभी राहिले. तिनं उजव्या बाजूची टीप बघितली, बाही ओढून बघितली, मागं वळायला लावलं. पट्टीवर जिथं मी दोनदा उसवलं होतं तिथं तिचं बोट बरोबर थांबलं. "हितं तकलीफ झाली व्हय," म्हणाली. मग तिनं हात वर करून माझ्या पदराची पीन काढली. मी डोळे मिटले.

पदर खांद्यावरून बाजूला गेला.

"आई, चुकलं," मी म्हणालेच. "दोन्ही भाग एकाच बाजूचे कापले. कापड उरलं न्हाई. म्हणून हा उलटा लावला. तुझी फुलं आत गेली."

तिनं पुढच्या पट्टीतून बोट आत घातलं आणि कापड जरा उलटवून बघितलं. आत माझ्या अंगाला लागून गर्द डाळिंबी जमीन होती आणि त्यावर ती पिवळी फुलं. आईच्या हाताची बोटं गार होती. ती हसायला लागली. तोंडाला पदर न लावता, पुढचे पडलेले दात दिसतील असं.

"अगं मंग बरं झालं की," ती म्हणाली. "बाहेरची उन्हानं उडतेत. तुझ्या फ्रॉकची दुमड इसरली का? आतलं तेवढं खरं राह्यचं."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. छप्पन्न वर्षांची बाई, शेजारीपाजारी बघत होते, वहिनी बघत होती. मला काही वाटलं नाही. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हात फिरवता फिरवता पाठीची शिलाईही तपासली. "बसला की गं चांगला," म्हणाली.

तिनं वहिनीला सांगून तांदूळ, नारळ आणि मूठभर बत्तासे आणवले. माझी ओटी भरली. खण मात्र नव्हता. त्याऐवजी तिनं स्वतःच्या गाठोड्यातून एक जुनं ब्लाऊज काढून ओटीत टाकलं, ते मातकट, दुकानावर घालायचं.

"हे माप. आता माझं एक शीव. जरा आत घे, मी सुकले. वाढत्या अंगाचं नको." मग ती भावाकडे वळून म्हणाली, "चल, उचल मला."

तिला दोघांनी धरून गाडीत बसवलं. भावानं घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. मंदिराच्या रस्त्यावरून गाडी वळली तेव्हा आईनं काचेतून आपल्या दुकानाच्या जागेकडे बघितलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो.

आई गेल्यानंतरचे आठ-दहा दिवस मी खालांकडे गेलेच नाही. मग एका दुपारी आईचं ते मातकट ब्लाऊज घेऊन गेले. खाला म्हणाल्या, माप नीट यायला कड उसवावी लागेल, बाजूची शिलाई खोल. मी कात्रीच्या टोकानं एकेक टाका तोडत गेले. वरचं कापड मातीच्या रंगाचं, ऊन खाऊन विरलेलं. शिलाई उघडली आणि आत दुमडलेलं कापड बाहेर आलं.

ते लाल होतं. साधं लाल नव्हे, मिरगाच्या किड्यासारखं लालभडक, मखमली. बोटभर रुंदीचा पट्टा, जसा दुकानातून आणला तसा.

आईला उठून दिसणारे रंग आवडत नाहीत, असं मी जन्मभर समजत आले होते.

मी तो पट्टा बोटांत धरून बसले. थोड्या वेळानं मी उठले, बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "लाल दाखवा. सगळ्यात लाल असंल ते." त्यानं ठाण उलगडलं. मी पदराचं टोक ओलं केलं आणि रंग घासून बघितला.